पऱ्हाटीचा पांढरा कोळसा: नागपूर जिल्ह्यात ब्रिकेट युनिट सुरू करणाऱ्यांसाठी

जानेवारीत काटोल, नरखेड, सावनेर, हिंगणा, उमरेड भागातल्या वावरांत कापूस वेचून झालेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी असते. थोडी चुलीसाठी घरी जाते, थोडी कुंपणाला लागते आणि उरलेली धुऱ्यावर पेटवली जाते. वाळल्यावर एकरी साधारण एक टन निघणारं हे इंधन आहे. किलोमागे ३,८०० ते ४,२०० किलोकॅलरी उष्णता आणि माती नसेल तर राख ३ ते ५ टक्के. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रांत जळणाऱ्या दगडी कोळशाची राख ३० टक्क्यांच्या वर जाते. म्हणून पऱ्हाटी धुऱ्यावर पेटवताना बघणं खरोखर जिवावर येतं.

याच पऱ्हाटीचा भुगा दाबून ब्रिकेट बनतात. व्यापारात त्यांना पांढरा कोळसा म्हणतात. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा एकट्याने सुरुवात करणारा तरुण, तिघांनाही उपयोगी पडेल असा क्रम इथे दिला आहे. बहुतेक जण आधी मशीनचं कोटेशन आणतात आणि मग माल शोधतात. क्रम उलटा हवा: आधी माल, मग गिऱ्हाईक, मग जागा आणि वीज, मशीन सगळ्यात शेवटी.

१. काय उचलायचं आणि काय वावरातच सोडायचं

पऱ्हाटी आणि तुराटी हा मुख्य माल. दोन्ही लाकडासारख्या, राख कमी, दाबल्यावर चांगल्या बांधल्या जातात. लकडगंजच्या आरागिरण्यांतला लाकडाचा भुसा महाग पडतो, पण थोडा जवळ ठेवाच. मशीन सुरू करताना आणि माल नीट बांधला जात नसेल तेव्हा तो उपयोगी पडतो.

सोयाबीन आणि हरभऱ्याचं कुटार घेऊ नका. ते जनावरांच्या तोंडचं आहे, आणि चाराटंचाईच्या वर्षी गावात नाराजी ओढवून घेऊन कुठलंही युनिट चालत नाही. मौदा, रामटेक, कुही भागात धानाचं तणस आणि तूस मुबलक मिळतं, पण तुसाची राख १५ ते २० टक्के असते. तणसाची राख कमी तापमानाला वितळते आणि बॉयलरच्या जाळीवर तिचे दगड बनतात. गिऱ्हाइकाला सांगून, थोड्या प्रमाणात मिसळायचं तर मिसळा. न सांगता मिसळलं तर दुसरी ऑर्डर येणार नाही.

जंगलातला पालापाचोळा उचलू नका. तो जमिनीचा आहे. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडलासारख्या संरक्षित क्षेत्रातून काहीही आणायचा तर विचारही नको. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ग्रामसभेने घाणेरीची झुडपं काढायचं ठरवलं, तर ती झुडपं चांगला कच्चा माल आहेत. मात्र ग्रामसभेचा ठराव आणि वनविभागाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय ट्रॉली हलवू नका. खासगी जमिनीवरच्या बांबूचं तसं नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला आहे. बांबूच्या कामातला टाकाऊ भाग चालतो, फक्त त्यातल्या सिलिकामुळे (वाळूसारखा कठीण घटक) भुगा करणाऱ्या मिलचे हॅमर लवकर झिजतात.

२. मालाचा हिशेब

७० मिलिमीटर व्यासाचे ब्रिकेट काढणाऱ्या प्रेसवर (दाबयंत्रावर) कागदोपत्री क्षमता तासाला ७०० ते १,००० किलो लिहिलेली असते. पऱ्हाटीवर, पहिल्या वर्षी, ५०० ते ६०० किलोच धरा. आठ तासांची एक पाळी आणि वर्षाला २५० दिवस म्हणजे १,००० ते १,२०० टन.

एकरी एक टन निघतो म्हणून १,२०० एकर पुरतील असं नाही. काही शेतकरी रोटाव्हेटर फिरवतात, काही सरपणाला ठेवतात, काहींच्या वावरात ट्रॉली पोहोचत नाही. निम्मा माल हाती लागतो असं समजून २,००० ते २,४०० एकर कपाशीचा परिसर बघा. गावागणिक ३०० ते ४०० एकर कपाशी असेल, तर सहा ते आठ गावं लागतील.

खरी अडचण हंगामाची आहे. हा माल जानेवारी ते मार्च एवढाच मिळतो, आणि जूनमध्ये पाऊस लागतो. वर्षभर मशीन चालवायची तर वर्षाचा माल तीन महिन्यांत विकत घेऊन साठवावा लागतो. तुकडे केलेली पऱ्हाटी घनमीटरला साधारण १५० किलो भरते, म्हणजे १,००० टनांना सहा-सात हजार घनमीटर. चार मीटर उंच गंज्या लावल्या तरी नुसत्या गंज्यांना १,७०० चौरस मीटर जागा जाते. मधल्या वाटा धरल्या तर एक एकर. मशीनच्या किमतीपेक्षा या साठ्यात अडकणाऱ्या खेळत्या भांडवलाने जास्त युनिटं बंद पडली आहेत. म्हणून पहिल्या वर्षी फेब्रुवारी ते जून एवढंच चालवायचं ठरवा, आणि पाऊस लागेल तेव्हा शेडमध्ये मावेल तेवढाच साठा हातात ठेवा.

३. गिऱ्हाईक

बुटीबोरी, हिंगणा आणि कळमेश्वर औद्योगिक वसाहतींत बॉयलर चालवणारे कारखाने आहेत. तिथे जाऊन खरेदी विभागाआधी बॉयलर बघणाऱ्या माणसाला भेटा. त्याला चार गोष्टी विचारा: सध्या काय जाळता, ब्रिकेटचा व्यास किती चालतो, राख आणि ओलावा किती चालतो, महिन्याला किती टन लागतं. नागपुरातल्या काही दहनघाटांवर लाकडाऐवजी शेतकचऱ्याचं मोक्षकाष्ठ वापरलं जातं. हीही बाजारपेठ आहे.

कोराडी, खापरखेडा, मौदाची वीज केंद्रं जवळ आहेत म्हणून तिथेच माल जाईल असं गृहीत धरू नका. ऊर्जा मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणाने औष्णिक केंद्रांत कोळशासोबत जैवइंधन जाळणं आलं, पण तिथे लागतात ते पेलेट, म्हणजे भुगा दाबून केलेल्या बारीक गोळ्या. जाड ब्रिकेट त्यांच्या कोळसा दळणाऱ्या मिलमध्ये चालत नाहीत. पेलेटचं मशीन वेगळं, भुगा जास्त बारीक लागतो, आणि खरेदी निविदेतून होते. नवख्याने ब्रिकेटपासूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाव ठरवताना किलोवर भांडू नका, उष्णतेवर बोला. समजा भाव किलोला ७ रुपये आणि उष्मांक ३,९०० किलोकॅलरी, तर हजार किलोकॅलरीला १ रुपया ७९ पैसे पडतात. गिऱ्हाइकाच्या सध्याच्या इंधनाचा हाच आकडा काढून शेजारी ठेवा. राख उचलण्याचा खर्च कमी होतो तोही दाखवा.

४. कागदपत्रं

- जागेचा सातबारा आणि ८-अ, किंवा नोंदणीकृत भाडेकरार
- जागेच्या औद्योगिक वापराबद्दल तहसील कार्यालयाची कागदपत्रं आणि ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र
- आधार, पॅन, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, संचालकांचा ठराव
- उद्यम नोंदणी (मोफत आहे, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका)
- जीएसटी नोंदणी
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडचा अर्ज किंवा सूचनापत्र
- प्रकल्प अहवाल, मशीनची किमान तीन कोटेशनं
- महावितरणचं नवीन जोडणीचं मंजुरीपत्र
- आगीचा विमा

प्रदूषण मंडळाबद्दल एक बारकावा. उन्हात वाळवून, विषारी कचरा न वापरता ब्रिकेट बनवणं हे केंद्रीय मंडळाच्या २०१६ च्या वर्गीकरणात पांढऱ्या श्रेणीत होतं. गरम हवेचा ड्रायर लावला की ती सवलत लागू होईलच असं नाही, आणि वर्गीकरण मधूनमधून बदलतं. म्हणून मशीनची ऑर्डर देण्याआधी नागपूरच्या कार्यालयातून श्रेणी लेखी घ्या.

अनुदानाचे दोन मुख्य मार्ग. एकट्या उद्योजकाला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला मदत मिळते. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटांना (महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरे) ३५ टक्के अनुदान, स्वतःचा हिस्सा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. हे अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं. दुसरा मार्ग राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाचा. २०२५-२६ पर्यंतच्या टप्प्यात ब्रिकेट प्रकल्पाला ताशी एक टन क्षमतेमागे ९ लाख, जास्तीत जास्त ४५ लाख अशी मदत ठरलेली होती. ती प्रकल्प चालू झाल्यावर मिळते, म्हणून तिच्या भरवशावर मशीनचा हप्ता ठरवू नका. अर्ज करताना त्या दिवशीची योजना चालू आहे का, हे नागपूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

५. जागा आणि वीज

शेड गावठाणापासून आणि वीजवाहिन्यांपासून दूर, पण डांबरी रस्त्याला लागून हवी. काळ्या मातीत जुलैमध्ये ट्रक फसतात, त्यामुळे रस्त्यापासून शेडपर्यंत मुरूम टाकायचा खर्च आधीच धरा. वाळवायला निदान ५०० चौरस मीटर काँक्रीटचं किंवा फरशीचं खळं लागतं. मातीवर वाळवलेला माल प्रेसमध्ये घालणं म्हणजे डाय (ब्रिकेटचा साचा) कानशीने घासणं.

शेतीपंपाच्या जोडणीवर हे मशीन चालवता येत नाही. तो वीजचोरीचा गुन्हा ठरू शकतो, आणि शेतीच्या फीडरला दिवसभर वीजही नसते. प्रेस, हॅमर मिल, ब्लोअर आणि कन्व्हेअर मिळून मशीनप्रमाणे ४० ते १०० अश्वशक्तीचा औद्योगिक भार लागतो. रोहित्र किती दूर आहे आणि त्यावर भार शिल्लक आहे का, हे मशीनचा आगाऊ पैसा देण्याआधी महावितरणकडून लिहून घ्या. नवीन रोहित्र स्वतःच्या खर्चाने बसवायची वेळ आली तर सगळं गणित बदलतं. बिलातला पॉवर फॅक्टरचा दंड टाळणारी कपॅसिटर बँक पहिल्या दिवसापासून लावा. तुकडे करण्यापासून प्रेसपर्यंत टनाला ६० ते ९० युनिट वीज धरून चला.

६. मशीन

बाजारात ६०, ७० आणि ९० मिलिमीटर व्यासाचे पिस्टन प्रेस मिळतात. भरारा फिरणाऱ्या जड चाकाच्या जोरावर रॅम (पुढेमागे होणारा दांडा) भुगा डायमध्ये ठोकतो. दाब आणि घर्षणाने तापलेलं लाकडातलं लिग्निन मऊ होऊन भुगा बांधतं, त्यामुळे वेगळा डिंक लागत नाही. ९० मिलिमीटरच्या मशीनला २५ मिलिमीटरपर्यंतचे तुकडे चालतात. ६० आणि ७० च्या मशीनला भुगा १० मिलिमीटरच्या आत हवा, म्हणजे हॅमर मिल लागलीच. पण ९० च्या मशीनला माल दुप्पट लागतो. सहा-आठ गावांच्या युनिटला ७० पुरतं.

चाचणी बघायला जाताना विक्रेत्याकडचा भुसा चालवून दाखवू देऊ नका. स्वतःची पऱ्हाटी दोन-तीन टन घेऊन जा आणि सलग चार तास चालवून बघा. आयसीएआरच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने नागपूरच्या केंद्रात पऱ्हाटीच्या पेलेट-ब्रिकेटवर काम केलं आहे. तिथे एकदा जाऊन या. झिजणाऱ्या सुट्या भागांचे, म्हणजे रॅम, डाय, वेअर रिंग, हॅमर यांचे भाव आणि ते किती दिवसांत पोहोचतील हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. एक जोडी कायम शेडमध्ये हवी.

७. उपटणं, तुकडे, वाळवणं

युनिट नफ्यात जाईल की तोट्यात, हे इथे ठरतं.

जमिनीत ओल असताना पऱ्हाटी चिमट्याने मुळासकट निघते. फेब्रुवारीअखेर काळी माती आवळली की दांडा मुळापाशी मोडतो आणि मजुरी वाढते. उपटल्यावर मुळं दोन-तीनदा आपटून ढेकळं झाडायची, हे मजुरांना पहिल्याच दिवशी सांगा आणि त्याचे पैसे द्या. मुळाशी राहिलेली माती म्हणजे सिलिका. ती राख वाढवते, डाय खाते आणि गिऱ्हाइकाच्या अहवालात दिसते.

उपटलेल्या पऱ्हाटीत ओलावा ५० टक्क्यांच्या आसपास असतो. लहान ढीग करून दोन-तीन आठवडे वावरातच राहू द्या, पानं गळतात आणि ओलावा उतरतो. यापेक्षा जास्त मात्र ठेवू नका. न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते, आणि पऱ्हाटी धुऱ्यावर उन्हाळाभर पडली तर पुढच्या हंगामाचं संकट तिथूनच सुरू होतं. कृषी विभाग फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेलं जादा पीक) घेऊ नका म्हणतो ते याचसाठी. पऱ्हाटीचे वेळेत तुकडे झाले, तर शेतकऱ्याला तोच सगळ्यात मोठा फायदा. पऱ्हाटी मागायला जाल तेव्हा भावाआधी हे सांगा.

अख्खी पऱ्हाटी ट्रॉलीत कितीही रचली तरी पाच ते आठ क्विंटलच मावते. तुकडे केले तर त्याच ट्रॉलीत दीड-दोन टन जातात. म्हणून ४५ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर चालणारा चिपर वावरात न्या. अख्ख्या मालाची वाहतूक १५ किलोमीटरपुढे परवडत नाही. तुकड्यांची ३० पर्यंत निभते.

ओल्या पऱ्हाटीचे तुकडे करून ढीग मारू नका. आतून तापतो, बुरशी धरते, वजन घटतं आणि आगीची भीती वाढते. वाळलेले तुकडे खळ्यावर चार ते सहा इंच थर देऊन पसरा, दिवसातून दोनदा उलटा. एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत ओलावा १० टक्क्यांवर येतो.

ओलावा मोजल्याशिवाय खरेदी करू नका. काट्यावर १ किलो तुकडे घ्या, १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. ६५० ग्रॅम उरले तर ओलावा ३५ टक्के. रोजच्या कामाला टोचायचा मीटर चालतो, पण आठवड्याला एकदा ओव्हनशी पडताळा. भाव १० टक्के ओलाव्यावर ठरवा आणि पुढचा गुणक फलकावर लिहून शेडच्या दारात लावा: ओलावा २० टक्के असेल तर भावाच्या ८९ टक्के, ३० असेल तर ७८, ४० असेल तर ६७. शेतकऱ्याला हिशेब दिसला की वाद होत नाही. तो पुढच्या वेळी वाळवूनच आणतो.

८. प्रेस चालवताना

सकाळी डाय थंड असतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं लाकडाचा कोरडा भुसा द्या, ब्रिकेट घट्ट निघायला लागले की हळूहळू पऱ्हाटी वाढवा. सुरुवातीचे ठिसूळ तुकडे पुन्हा हॅमर मिलमध्ये जातात. बंद करताना आधी हॉपर (माल ओतायचा डबा) रिकामा करा. गरम डायमध्ये माल तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन बसावं लागतं.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची कारणं:

ब्रिकेट फुटतात, आडव्या चिरा पडतात, तोंडातून वाफ आणि फटाक्यासारखा आवाज येतो: ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेलाय. वाफ ब्रिकेट फोडून बाहेर पडते. अशा वेळी डायसमोर कोणीही उभं राहू नये. माल परत खळ्यावर न्या.

मोटरचा भार चढतो, ब्रिकेट काळपट आणि कडेने भुसभुशीत: माल ७ टक्क्यांपेक्षा कोरडा झालाय. मे महिन्यात हे हमखास होतं. हलकं पाणी शिंपडून रात्रभर झाकून ठेवा.

हॅमर मिलची जाळी तुंबते, रोटरला दोरा गुंडाळला जातो: पऱ्हाटीची साल तंतुमय असते आणि बोंडांत सरकी-कापूस राहिलेला असतो. बोंडं आधी झाडून घ्या, हॅमरच्या कडा धारदार ठेवा, दर पाळीला मिल पूर्ण थांबवून आणि मेन स्विच काढून साफ करा. चालत्या मिलमध्ये काठी घालणारा माणूस कामावर ठेवू नका.

भार सारखा असूनही ब्रिकेट सैल: डाय झिजला, किंवा पुढच्या कूलिंग लाइनचे क्लॅम्प ढिले झाले. त्या लांब पट्टीतून ब्रिकेट सरकताना जो मागे दाब राहतो, तोही बांधणीला लागतो.

ठण्ण आवाज आणि रॅम वाकडा: तार किंवा खिळा आत गेला. कुंपणातून आलेल्या पऱ्हाटीत तार असतेच. कन्व्हेअरवर चुंबक बसवा, त्यावर काटकसर नको.

९. आग

विदर्भाच्या उन्हाळ्यात वाळलेल्या गंजीला एक ठिणगी पुरते. गंज्या लहान ठेवा, दोन गंज्यांमध्ये ट्रॅक्टर जाईल एवढी मोकळी जागा, आणि शेड गंज्यांपासून शक्य तितकी दूर. दहा हजार लिटरची टाकी, डिझेलचा पंप आणि शेवटच्या गंजीपर्यंत पोहोचणारा पाइप असू द्या. आग लागली की वीज पहिली जाते, म्हणून डिझेल. आवारात बिडी-सिगारेट पूर्ण बंद, वेल्डिंग शेडबाहेर. हॅमर मिलची उडणारी धूळ रोज झाडा, मोटरवर साचलेला थर तिच्या उष्णतेने पेटू शकतो. विमा काढताना उघड्यावरचा साठा पॉलिसीत वेगळा लिहिलेला आहे का, हे वाचून बघा.

१०. माल पाठवणं आणि पैसे

ब्रिकेट पाण्यात पडला की तासाभरात त्याचा भुगा होतो. जमिनीवर नाही, लाकडी फळ्यांवर रचा. ट्रकला दोन ताडपत्र्या हव्यात.

पहिली गाडी जाण्याआधी नमुना प्रयोगशाळेत तपासा आणि उष्मांक कोणत्या आधारावर दिलाय ते वाचा. मिळाला तसा तपासलेला आकडा आणि पूर्ण कोरडा करून तपासलेला आकडा यांत ३०० ते ४०० किलोकॅलरींचा फरक सहज पडतो. करारात एकच आधार लिहा, ओलाव्याची कपात टक्क्यागणिक किती ते लिहा, आणि वजन कोणाच्या धर्मकाट्यावर धरायचं तेही. गाडी निघताना आपल्या जवळच्या काट्याची पावती घ्याच.

उधारी ३० ते ६० दिवसांची मागितली जाते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. त्यासाठी प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि माल स्वीकारल्याची सही-शिक्क्याची पावती जपून ठेवा. थकलं तर लघु उद्योगांच्या थकबाकीसाठी असलेल्या सरकारी पोर्टलवर तक्रार करताना हे कागद उपयोगी पडतात. शेतकऱ्यांचे पैसे मात्र गिऱ्हाइकाच्या उधारीला बांधू नका. तुकडे उचलल्याच्या आठवड्यात खात्यात गेले पाहिजेत, त्यामुळे दोन महिन्यांच्या खरेदीएवढी रक्कम बँकेकडून कॅश क्रेडिटमध्ये मंजूर करून घेतल्यावरच जानेवारीत गावात दवंडी द्या.